नाण्याची कड

बॉबलिंगेन हे जर्मनीच्या दक्षिणेकडचं गाव. मधोमध दोन तळी, उंचवट्यावर चर्चचा मनोरा, आणि मनोऱ्याच्या सावलीत भरणारा शनिवारचा बाजार. त्या बाजारात एका ठेल्यावर बटाटे, गाजरं, कोबी आणि सफरचंदांच्या मागे आमच्या वाघजाईवाडीची लेक उभी असायची. सरलाबाई. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी, कपाळावर टिकली. गिऱ्हाइकं त्यांना फ्राऊ सरला म्हणायची, फ्राऊ म्हणजे बाई.

त्यांचे यजमान दिनकरराव शेजारच्या झिंडेलफिंगेनला कारखान्यात लेथवर होते. बाई त्यांच्याबरोबर त्र्याहत्तर साली तिकडे गेल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. गेल्या तेव्हा तिथल्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, आणि ती भाषा आली बाजारातूनच. आधी कोबी आणि कांदा, मग आकडे, मग हवापाण्याच्या गप्पा, आणि सगळ्यात शेवटी थट्टा. बाई म्हणायच्या, ज्या दिवशी दुसऱ्याच्या भाषेत आपली थट्टा होते आणि आपण उलटं उत्तर देतो, त्या दिवशी माणूस तिथला झाला.

दिनकरराव गेले पंच्याण्णव साली. घरातलं बोलणं एकाएकी थांबलं. मुलगा मल्हार तेव्हा शिकत होता. ज्या ठेल्यावरून त्या वर्षानुवर्षं भाजी घ्यायच्या, त्याची मालकीण फ्राऊ हेबर्ले एका शनिवारी म्हणाली, "फ्राऊ सरला, तुम्ही अशाही अर्धा तास इथं उभ्या असताच. इकडच्या बाजूला येऊन उभ्या राहा, म्हणजे पगार देता येईल." त्या श्वाबेन भागातली माणसं अशीच. दुःखावर फुंकर घालतील, पण ती कामाच्या रूपानं.

तेव्हापासून पद्धत ठरून गेली. फ्राऊ हेबर्लेनं तोलायचं आणि किंमत मोठ्यानं सांगायची. सरलाबाईंनी पैसे घ्यायचे, मोड द्यायची आणि दोन शब्द बोलायचे. मालकिणीला ते दोन शब्द कधी जमले नाहीत, म्हणून ठेल्याला दोघींची गरज होती.

सरलाबाई गल्ल्याकडे बघत नसत. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याच्या दिशेला तोंड करून बोलत असत, आणि हात आपले पेटीत फिरून नेमकी नाणी उचलून आणत. लोकांना त्याचं कौतुक वाटे. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालापासून त्यांच्या डोळ्यांचा मधला पडदा झिजायला लागला होता. मोठी चमत्कारिक व्याधी. आजूबाजूचं दिसायचं, रस्ता, माणसं, झाडं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं. चालता यायचं, स्वयंपाक करता यायचा. वाचता येत नव्हतं, आणि तळहातावरचं नाणं म्हणजे नुसता धुरकट ठिपका. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते टिकवू, गेलेलं येणार नाही. घरात मल्हारला आणि सून विभावरीला ठाऊक होतं. ठेल्यावर कुणालाच नाही.

मग त्यांचं चालत होतं कसं? तर बोटांवर.

ही विद्या त्या वाघजाईवाडीहून घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं गावात किराणा दुकान होतं. खिडकी नसलेली एक खोली, दाराशी गोण्यांची थप्पी, आणि आत दिवसाही अंधार. सरलाबाई दहा वर्षांच्या होत्या तेव्हा देशात आण्यांच्या जागी नवे पैसे आले. दुकानात रोज तंटा. आण्याला सहा पैसे, सोळा आणे म्हणजे शहाण्णव, मग रुपयाचे शंभर कसे, मधले चार पैसे कुणी खाल्ले, असं म्हातारी माणसं तावातावानं विचारत. एक आजी तर नवा पैसा जमिनीवर टाकून म्हणाली होती, "हा लेकरांच्या भातुकलीतला, माझ्या साखरेला नको." वडील भांडले नाहीत. त्यांनी एका परातीत नवी नाणी पसरली आणि दारात ठेवली. येणारा जाणारा हात लावून बघे. पाच पैसे चौकोनी, दहा पैशांना पाकळ्या, एक पैसा बारका आणि गोल. वडील म्हणायचे, "नाणं सरकार पाडतं, पण चालवतं गाव." पंधरवड्यात गावानं ते चालवलं, आणि सरलाबाईंच्या बोटांना त्या अंधारात नाण्यांचे आकार कायमचे कळले.

जर्मनीचे मार्क सगळेच गोल. पण वजनात आणि कडेत फरक होता, आणि अठ्ठावीस वर्षांची सवय होती. डोळे गेले तरी मार्क गेले नव्हते. आता मार्कच जाणार होते.

दोन हजार एकचा डिसेंबर. बारा देशांनी मिळून ठरवलं होतं की एक जानेवारीला सगळ्यांनी एकाच पहाटे आपापलं नाणं खाली ठेवायचं आणि युरो हे एकच नवं नाणं उचलायचं. तीस कोटी माणसं. सरलाबाईंना या गोष्टीचा विचार करताना ऊर भरून यायचा. एका गावाला एक पैसा समजावताना वडिलांचा पंधरवडा गेला होता. इथं बारा राज्यं, बारा भाषा, आणि पहाट एकच.

नाताळच्या आधीच्या शनिवारी ठेला आवरताना फ्राऊ हेबर्ले म्हणाली, "फ्राऊ सरला, एक बोलायचंय. तुम्ही नाण्याकडे बघत नाही."

"हाताला सवय आहे," बाई म्हणाल्या.

"हो, मार्कांची. युरोची कुणाच्याच हाताला नाही. मार्क घेऊन युरोत मोड मी एका हातानं देऊ शकत नाही, मला तोलायचंय. एक विद्यार्थिनी काम मागून गेलीय. तर मग, पाच जानेवारीचा शनिवार बघू. गल्ला चालला तर तुमचा. नाही चालला तर तिला फोन करीन."

त्यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. सरलाबाई घरी चालत आल्या. तो ठेला गेला तर काय उरतं याचा त्यांनी वाटेत हिशेब केला. उरत होता मल्हारच्या फ्लॅटमधला सोफा, आणि न दिसणारा टीव्ही.

मल्हारला त्यांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, चांगलंच आहे की. किती दिवस त्या थंडीत उभी राहणार आहेस? बास आता. आराम कर."

"आराम करायला मी दमलेय कुठं?"

"डोळ्यांचं कळलं तर तीच नको म्हणेल. मग वाईट वाटेल तुला."

"आत्ता वाटत नाहीये का?" असं म्हणून त्या उठल्या. "युरो कुठे मिळतील बघायला?"

आता इथं आपल्या माणसांची गंमत बघा. बँकांनी सतरा डिसेंबरपासून नव्या नाण्यांच्या पिशव्या द्यायला सुरुवात केली होती. वीस मार्क द्यायचे आणि वीस नाण्यांची एक प्लास्टिकची पिशवी घ्यायची, लोकांना हाताळून सवय व्हावी म्हणून. मल्हार पहिल्याच दिवशी ऑफिसला जाण्याआधी तासभर रांगेत उभा राहिला होता आणि त्यानं पिशवी आणलीही होती. पण ती होती देव्हाऱ्यात. विभावरीनं तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं, वर एक फूल ठेवलं होतं, आणि ती न उघडता जन्मभर जपायची असं दोघांनी ठरवलं होतं. सबंध जर्मनी ज्या पिशव्या फोडून चिल्लर चाचपत होती, त्यातलीच एक या घरात देव झाली होती.

विभावरी बिचकत म्हणाली, "अहो आई, ती फोडू नका ना. पहिली लक्ष्मी आहे. दुसरी आणू आपण."

"दुसऱ्या संपल्या म्हणून तुम्ही दोघंच सांगत होतात."

"हो, पण..."

"अगं, लक्ष्मीचा पाय एका जागी ठरत नाही म्हणतात. तिला पिशवीत कोंडून तूच तिचा अपमान करतेयस." बाईंनी देवाला नमस्कार केला, फूल बाजूला ठेवलं आणि पिशवी दातानं फाडली.

मल्हार हसत सुटला. "आई! कात्री होती की."

"मला दिसते का कात्री?"

त्यांनी स्वयंपाकघरातलं ताट घेतलं, त्यात नाणी ओतली आणि खिडकीशी बसल्या. बाहेर बर्फ पडत होता. विभावरी शेजारी बसून एकेक नाणं हातात देई आणि किंमत सांगे. बाई डोळे मिटून अंगठ्याचं टोक कडेवरून फिरवत.

पहिला एक सेंट. बारका, गुळगुळीत, जणू चिंचोका. मग दोन सेंट हातात आला आणि अंगठा थबकला. कडेच्या मधोमध, सबंध गोलाईभर, एक बारीक खाच गेली होती.

"विभा, ह्याला करदोडा आहे गं!"

"काय?"

"बाळाच्या कंबरेला असतो तसा. हात लाव."

विभावरीनं लावला. खरंच होता. पाच सेंट पुन्हा गुळगुळीत, पण मोठा. दहाची कड बारीक कातरलेली, करंजीच्या मुरडीसारखी. वीसची कड सपाट, पण तिला सात खोबण्या, नखाचं टोक अलगद बसेल अशा. पन्नास म्हणजे दहाचाच थोरला भाऊ. एक युरोची कड थोडी खरखरीत, थोडी मऊ, पुन्हा खरखरीत, पुन्हा मऊ. आणि दोन युरो सगळ्यात मोठा, सबंध कडेवर बारीक रेघा, आणि रेघांत खोदलेली अक्षरं.

बाईंनी तो दोन युरो मुठीत धरून ठेवला.

"काय झालं आई?"

"हे चुकून झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आठ नाणी, आणि शेजारशेजारची दोन एकसारखी नाहीत. पाचाजवळ दहा ठेव, दहाजवळ वीस ठेव. बोट फसत नाही. कुणीतरी हे मुद्दाम केलंय."

विभावरीनं वर्तमानपत्रं चाळली. एका कोपऱ्यात सापडलं. नाणी ठरवताना अंध लोकांच्या संघटनेला विचारलं होतं. त्यांनी हातात घेऊन सांगितलं, ही कड कळते, ही कळत नाही. त्याप्रमाणे कडा कापल्या.

विभावरी सांगते की सासूबाईंच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. बारा देशांचे राजे-प्रधान, टांकसाळी, बँका, एवढा मोठा कारभार. तो करताना कुणाच्या तरी मनात आलं की एक बाई कुठंतरी ठेल्यामागे उभी असेल आणि तिला दिसत नसेल. माणसाला न बघता त्याच्यासाठी खाच पाडून ठेवणारे हात या जगात आहेत, हे त्यांना त्या ताटापाशी कळलं. देव्हाऱ्याकडे वळून त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले. या वेळचा नमस्कार कुणाला होता ते त्यांनी सांगितलं नाही.

पंधरा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. भात शिजेपर्यंत नाणी, चहा उकळेपर्यंत नाणी. मल्हार ऑफिसातून आला की गिऱ्हाईक व्हायचा. "दोन किलो बटाटे द्या बाई, आणि वजनात मारू नका." बाई म्हणायच्या, "आधीचे पैसे दे, मग बोल." आठवड्यात चूक होईनाशी झाली. नववर्षाला तर त्या मल्हारनं सांगायच्या आधी मोड काढून ठेवायला लागल्या.

पाच जानेवारी उजाडली ती कडाक्याच्या थंडीनं. तळी गोठली होती. शून्याच्या खाली दहा. गाजरांवर गोधडी टाकावी लागली होती. विभावरीनं त्यांना ठेल्यापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "मी थांबू?"

"तू थांबलीस तर मी तुझ्याकडे बघेन. जा."

पहिला तास बाजारात जे चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. शहाणीसुरती, हिशेबी माणसं हातावर चिल्लर पसरून नाकाशी नेत होती. कुणी चष्मा वर करत होतं, कुणी खाली. कुणी सगळी मूठच पुढे करून म्हणे, "घ्या तुम्हीच, काय ते." मार्कही चालत होते, मोड मात्र युरोत द्यायची. फ्राऊ हेबर्लेनं काट्याला कोष्टक चिकटवलं होतं आणि ती दर गिऱ्हाइकाला त्याच्यावर बोट ठेवून पुटपुटत होती. सबंध बाजार आंधळा झाला होता. आणि त्यात एकच बाई झपाझप मोड देत होती.

"तीन चाळीस," मालकीण ओरडली. समोर दहा मार्कांची नोट आली, बाईंनी ती लांबीवरून ओळखली.

"दहा मार्क म्हणजे पाच अकरा. एक एकाहत्तर परत. हा एक युरो, हे पन्नास, हे वीस, हा एक सेंट. तुमच्या गुडघ्याचं कसंय?"

रांग वाढत गेली. दुसऱ्या ठेल्यांवरची माणसं इकडे सरकायला लागली, कारण इथं वेळ लागत नव्हता. फ्राऊ हेबर्लेनं दोनदा वळून बघितलं आणि पुढची किंमत ओरडली.

दहाच्या सुमाराला सरलाबाईंना जाणवलं की बोटांची टोकं आपली राहिलेली नाहीत. त्या सगळ्याचा सराव झाला होता उबदार स्वयंपाकघरात. थंडीचा विचार कुणी केला नव्हता. हातमोजे घालावेत तर कड कळत नाही, काढावेत तर बोटं लाकूड होतात. त्यांनी हात काखेत घातले, तोंडाची वाफ दिली. दोन गिऱ्हाइकांपुरती जाण आली, मग परत गेली.

आणि चूक झाली. गिऱ्हाईक होते हेर माउरर, शेजारच्या गल्लीतले सत्तरीचे म्हातारे, जिभेला धार असलेले.

"फ्राऊ सरला, मला दोन युरो यायचे. तुम्ही एक दिलात." हे त्यांनी सबंध रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं. "की युरोत चोरी आणखी स्वस्त झाली?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. फ्राऊ हेबर्लेनं काट्यावरचा कोबी तसाच ठेवला आणि ती वळली.

सरलाबाईंनी ते नाणं परत घेतलं. अंगठा फिरवला. काहीच कळेना. एक शब्द बोलला की भागत होतं. माफ करा, घाई झाली, एवढं म्हणायचं आणि आणखी एक युरो द्यायचा. पण पुढचं गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यामागे दुसरं, आणि बोटं मेलेली होती. आता खोटं बोलायचं तर दिवसभर बोलावं लागणार होतं.

त्यांनी नाणं ओठाशी नेऊन त्याच्यावर वाफ सोडली, कड ओठावरून फिरवली आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. एकच आहे. मला दिसत नाही, हेर माउरर. तीन वर्षं झाली. मी बोटांनी ओळखते, आणि बोटं गारठलीत."

चर्चच्या मनोऱ्यावर एक कावळा ओरडला.

मग हेर माउरर खाकरले. "मला दिसतं," ते म्हणाले, "चष्मा परवाच बदललाय. तरी सकाळपासून तीन दुकानांत फसलोय. बोटांनी कसं कळतं?"

"हातमोजा काढा."

"या थंडीत?"

"मघाशी चोर म्हणालात. आता काढा."

त्यांनी काढला. बाईंनी त्यांच्या तळहातावर दोन नाणी ठेवली. "डोळे मिटा. उघडे ठेवलेत तर डोळेच बोलत राहतात. अंगठा कडेवरून न्या. थोडं खरखरीत, मग मऊ, तो एक. सगळीकडे बारीक रेघा, तो दोन."

हेर माउरर डोळे मिटून उभे राहिले. टोपीवर हिमाचे कण. अंगठा सावकाश फिरत होता. एकाएकी त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. "गेनाऊ! अगदी बरोबर!" ते ओरडले. "हा दोन! अरे, याच्यावर अक्षरं आहेत!"

मागची बाई म्हणाली, "बघू मला." तिच्या मागच्यानं खिशातून आपली चिल्लर काढली. कुणी वीसच्या खोबण्या मोजायला लागलं, कुणाला दोन सेंटचा करदोडा सापडला आणि ते शेजाऱ्याला दाखवायला धावलं. शून्याखाली दहाच्या थंडीत, उघड्या हातांनी, बाजारभर माणसं डोळे मिटून उभी होती आणि खिशातल्या नाण्यांशी ओळख करून घेत होती. पाच दिवस जे परक्यासारखं खिशात वाजत होतं, ते त्यांचं होत होतं. सरलाबाईंना त्यांचे चेहरे दिसत नव्हते. पण बाजार एवढा शांत त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि त्या शांततेत आधी एक, मग दुसरं, मग चारी बाजूंनी हसू फुटत गेलं. त्या सांगायच्या, अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता.

फ्राऊ हेबर्लेनं आपल्या थर्मासमधली कॉफी ओतली आणि कप बाईंच्या दोन्ही हातांत कोंबला. "प्यायची नाही. धरायची," ती म्हणाली आणि कोबी तोलायला लागली.

एक वाजता बाजार उठला. पेट्या गाडीत चढल्या. मालकिणीनं गल्ला गाडीत नेला, दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"तीन वर्षं?" तिनं विचारलं.

"तीन."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

फ्राऊ हेबर्लेनं खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली.

सरलाबाईंनी मान हलवली आणि कोटाची बटणं लावायला घेतली. बोटं अजून नीट वळत नव्हती. वरचं बटण काही केल्या बसेना. मालकीण पुढे झाली आणि तिनं ते लावून दिलं.

"तुमच्याकडून आज फक्त तो एक युरो चुकला," ती म्हणाली. "माझ्याकडून नऊ युरो गेले, त्या काट्यावरच्या कोष्टकात चुकून. त्या विद्यार्थिनीला मी संध्याकाळी फोन करते, जागा नाही म्हणून. आणि पुढच्या शनिवारी गॅसची शेगडी आणते, तुमच्या बाजूला खाली ठेवू. तुमचे हात गार पडले तर माझं नुकसान होतं."